शेवटचं वलय

फोटो आला तेव्हा ती लेकीची वेणी घालत होती. फोन मांडीशेजारी थरथरला, लेक लगेच त्यावर झेपावली, आणि अर्धी वेणी सुटली.

"आत्याचा फोटो! ठोंब्या!"

ठोंब्या म्हणजे नणंदेचं बाळ. नुकतं पालथं पडायला शिकलेलं, गालांवरून हनुवटी शोधावी लागेल असं गुटगुटीत. फोटोत ते आपल्या कठड्याच्या छोट्या खाटेत उताणं पडून मुठी चोखत होतं, आणि त्याच्या डोक्यावरच्या भिंतीवर तिचा आरसा टांगला होता.

रबरबँड दातात तसाच राहिला.

"आई, वेणी," लेक म्हणाली.

"हो गं, खारू. घालते."

खारू हे लेकीचं घरातलं नाव. दिवसभर इथून तिथे पळत, काहीतरी कुरतडत असायची म्हणून पडलेलं. वेणी घातली गेली, पण एक वर, एक खाली. खारूला त्याचं काही नव्हतं. आईला मात्र दिवसभर तशा बारीकसारीक गोष्टी दिसत राहायच्या: टेबलाचा कोपरा, उघडा राहिलेला ड्रॉवर, खिडकीजवळ सरकवलेली खुर्ची. खारू झाल्यापासून जगातली प्रत्येक वस्तू तिला पडण्याच्या बेतात दिसे. आणि तिनेच स्वतःच्या हातांनी बनवलेली, तिला पक्की ठाऊक असलेली वस्तू आता एका बाळाच्या डोक्यावर लटकत होती.

तो आरसा चपलांच्या कपाटावर जायचा होता. तसंच ठरलं होतं. दारातून बाहेर पडताना केस बघायला.

ती आरसे बनवायची, म्हणजे आरशांच्या चौकटी. कागदाचा लगदा, खडूची पूड आणि डिंक मळून त्यांना घाट द्यायची. कधी गोगलगायीची पाठ, कधी वाऱ्याने वळलेलं पान. घरातल्या भिंतीवर टांगलं की लोक आधी चौकट बघत आणि मग स्वतःचं तोंड. खारू जन्मल्यावर तिने ऑफिस सोडलं आणि मागच्या खोलीत हे मांडलं, तेव्हा नणंद जेवता जेवता म्हणाली होती, "घरून काम म्हणजे काय गं, ना धड काम, ना धड मूल." सगळे हसले होते. तीही हसली होती. पण ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं, दिसत नाही आणि निघतही नाही. पुढे ठोंब्या झाला, नवं घर लागलं, आणि त्याच नणंदेने आपण होऊन फोन केला: "मला तुझ्या हातचा आरसा हवा. मैत्रिणी येणारेत घर बघायला. माझी भावजय काय करते ते कळू दे त्यांना."

मग काय, तिने जीव ओतला. पाण्यात खडा टाकला की उठतात तशी वलयं, काचेभोवती एकाला लागून एक, बाहेरचं आतल्यापेक्षा जाड. पाठीमागे टांगायच्या तारेच्या कड्या गोणपाटाच्या पट्टीत गुंडाळून ओल्या लगद्यात दाबल्या. आरसा पालथा घालून पंख्याखाली ठेवला. हे काम सावकाशीचं. ज्या शिल्पकार बाईंकडे ती शिकली त्यांची एकच शिस्त होती: पाठवायच्या आधी बोटाच्या पेराने पाठीवर टकटक करायची. टणक आवाज आला तर वाळलंय. आवाज बुडाला तर ओलं आहे, मग वरून कितीही कोरडं दिसो. आरसा वाळला, तिने टकटक केलं, आवाज खणखणीत आला. तिथेच थांबायला हवं होतं.

पण न्यायच्या आदल्या दिवशी तिने फोनवर दुसऱ्या कुणा बाईने केलेला आरसा पाहिला. भरगच्च काठ, उसळून आल्यासारखा. तो पाहिला आणि आपला आरसा तिला एकदम ताटलीसारखा वाटायला लागला. नणंदेच्या मैत्रिणी मान तिरकी करून बघताहेत आणि "छान आहे हं" म्हणताहेत असं चित्र डोळ्यांपुढे आलं. तिने लगदा भिजवला आणि बाहेरून आणखी एक वलय चढवलं.

चढवलं ते देखणं झालं, यात शंका नाही. पण वलयामुळे कड्या फार आत पडल्या. तशा टांगल्या तर आरसा पुढे झुकला असता. मग तिने जुन्या कड्या उखडून नव्या वलयावर बसवल्या. एक कडी अर्धी जुन्या, वाळलेल्या भागावर आली. दुसरी पुरती नव्या ओल्यात. रात्रभर पंखा चालू ठेवला. सकाळी नवरा गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता. तिने टकटक केलं. एकीकडे टणक. दुसरीकडे भद्द, उशीवर मारल्यासारखं.

तिने ते ऐकलं. ऐकलं नाही असं ती स्वतःशीसुद्धा म्हणू शकत नव्हती. ऐकलं, क्षणभर थांबली, आणि पाठीवर खाकी कागद चिकटवून टाकला. चपलांवर तर लागणार आहे, वाळेल तिथेच. असं मनाशी म्हणाली आणि नवऱ्याला म्हणाली, "सांभाळून ने. दोन्ही हातांनी धर."

आणि आता, इतक्या दिवसांनी, हा फोटो.

तिने फोन लावला.

"काय गं कलाकार, पाहिलास?" पलीकडून नणंदेचा आवाज, मागे नळ चालू. "दिसतो की नाही राजवाड्यातल्यासारखा?"

"छान दिसतोय. पण ताई, तो बाहेर लावणार होतात ना? चपलांच्या कपाटावर?"

"एवढ्या देखण्या आरशाचा जन्म चपला बघण्यात घालवू होय? माझं मन झालं नाही बाई. आणि ठोंब्याला इतका आवडलाय, खिडकीतून ऊन आलं की छतावर कवडसा येतो, त्याच्याशी गप्पा मारत बसतो. मला हात धुवायला वेळ मिळतो."

"पण खाटेच्या बरोबर वर…"

"अगं, तुझ्या भावोजींनी भिंतीत असले दोन स्क्रू पिळलेत की एक वेळ इमारत पडेल, स्क्रू पडायचे नाहीत."

भिंतीला काही होणार नव्हतंच. भिंतीबद्दल तिला काही म्हणायचंच नव्हतं. हीच वेळ होती सांगायची, एका वाक्याचं काम: ताई, एक कडी ओली आहे, उतरवा. ते वाक्य जिभेवर आलं, आणि त्याच्या मागोमाग ते दुसरं, जेवणाच्या टेबलावरचं.

"पॉलिशचा एक हात राहिलाय," ती म्हणाली. "जरा काढून ठेवता का? येऊन घेऊन जाते."

"राहिलाय तर राहू दे. बिनपॉलिशचा चालेल. मी काय स्थळं बघतेय त्याच्यासाठी?"

"नाही, पण सोनेरी रंग काळवंडेल…"

"काळवंडला की बघू." नळ बंद झाला. आवाज जरा खाली आला. "हे बघ, खरं सांग. दुसऱ्या कुणी मागितलाय का तो? तसं असेल तर स्पष्ट बोल. मी देऊन टाकते, माझं काही म्हणणं नाही."

"भलतंच काय ताई. तुमचाच आहे तो."

"मग झालं तर."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आता सांगणं आधीपेक्षा अवघड झालंय. मघाशी नुसती चूक होती. आता वर एक खोटंही चढलं होतं.

दुपारी नवऱ्याचा ऑफिसातून फोन. "काय भानगड आहे? ताई म्हणते, तुझ्या बायकोला आरसा परत हवाय."

"परत नकोय. पॉलिश करायचंय."

"तू पण ना. दिलेली वस्तू मागतात का? तिला लागलंय ते. वर हसून सांगत होती, म्हणजे जास्तच लागलंय."

"अरे, तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

त्याला सांगितलं तर तो अर्ध्या मिनिटात बहिणीला फोन करणार, हे तिला ठाऊक होतं. खरं तर तेच व्हायला हवं होतं. "संध्याकाळी बोलू," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला स्वतःचीच किळस आली. संध्याकाळ म्हणजे काय? तोवर त्या कडीला थांबायला सांगितलंय का कुणी?

ती मागच्या खोलीत जाऊन बसली. मनाची समजूत घालायचं काम माणसाला चांगलं जमतं, तिलाही जमत होतं. इतके दिवस लटकतोय, पडायचा तर पडला असता. हवा कोरडी आहे. कदाचित वाळलाही असेल. मग आठवलं, पाठीवर खाकी कागद आहे. ओल आतच कोंडली असेल. तो कागदही तिनेच लावला होता, टापटिपीसाठी. शेजारी वाळत पडलेल्या एका नव्या चौकटीवर तिने नकळत टकटक केलं. भद्द. हात चटका बसल्यासारखा मागे आला.

तेवढ्यात नणंदेने व्हिडिओ पाठवला. मघाच्या बोलण्यावर पडदा टाकायला असेल. ठोंब्या पाय झाडत खिदळतोय, छतावर कवडसा नाचतोय, मागे नणंदेचा लाडिक आवाज: "मामीला सांग, मला माझा आरसा आवडतो म्हणावं." मग घरात कुठेतरी वाऱ्याने दार धाडकन आपटलं. ठोंब्या दचकला. आणि छतावरचा कवडसा हलला. हलला, डाव्या अंगाला किंचित घसरला, आणि तिथेच राहिला.

तिने व्हिडिओ पुन्हा लावला नाही. तिथल्या तिथे फोन केला. वाजून वाजून थांबला. पुन्हा केला. तेच. नणंद बाळाला झोपवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवते, हे तिला आठवलं, आणि झोपवते म्हणजे कुठे, हेही. लिहून पाठवायला बोटं फोनवर आली, "ताई, ठोंब्याला त्या खाटेतून", आणि तेवढं लिहून तिने तसंच पाठवलं, "उचला" हा शब्द दुसऱ्या निरोपात. मग खारूला एका हाताने उचललं, दुसऱ्याने पर्स.

"कुठे चाललो?" खारूने विचारलं.

"आत्याकडे."

"माझी चप्पल एकच आहे."

"असू दे."

बसमध्ये तिने चारचौघांसारखं बसायचा प्रयत्न केला. पण प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या म्हाताऱ्यांचा, पिशव्या सावरणाऱ्यांचा, सुट्टे शोधणाऱ्यांचा तिला राग येत होता, आणि राग आला म्हणून पुन्हा लाज. निरोप कुणी वाचला नव्हता. खारू मांडीवर बसून एका चपलेचा पाय हलवत होती. "आई, तू मला दाबतेस," ती म्हणाली.

नणंदेने दार उघडलं, ओठांवर बोट ठेवून. केसांचा बुचडा, खांद्यावर लाळेचं फडकं.

"आत्ताच झोपलाय. अगं, न सांगता? आणि हिची दुसरी चप्पल कुठाय?"

"ठोंब्या कुठे आहे?"

"खाटेत. बस, चहा झालाच आहे. तुझा चेहरा असा का…"

ती बसली नाही. सरळ आतल्या खोलीत गेली. पडदे ओढलेले होते. ठोंब्या हात डोक्यावर घेऊन गाढ झोपला होता, आणि वर आरसा, डावीकडे जरासा कललेला. लक्ष नसलेल्याला दिसलाही नसता इतका. तिने कठडा धरून खाट ओढली. खाटेच्या चाकांनी कर्कश आवाज केला. ठोंब्याने ओठ मुडपले.

"काय करतेस तू?" नणंद दारात.

"ताई, त्याला उचला आधी. मागची कडी नीट बसलेली नाहीये."

नणंद दोन पावलांत आली, बाळाला उचललं आणि छातीशी धरून दाराच्या बाहेर जाऊन उभी राहिली. ठोंब्या रडायला लागला. त्या रडण्यात भावजयीने खाट बाजूला सारली, स्टूल घेतलं, आणि आरसा खालून दोन्ही हातांनी उचलून स्क्रूंवरून सोडवला. जड होता. आपण एवढा जड केला, हे तिला हातांनीच सांगितलं. तिने तो शेजारच्या पलंगाच्या गादीवर पालथा घातला.

खाकी कागद एका बाजूला फुगला होता. तिने तो नखाने फाडला. उजवी कडी दगडात रुजल्यासारखी पक्की. डाव्या कडीला तिने बोट घालून जरा ओढलं, आणि गोणपाटाची पट्टी सालासारखी उठली. खाली लगदा करडा, थंड, भिजलेल्या पुठ्ठ्याच्या वासाचा. कडी तिच्या बोटात राहिली, अंगठीसारखी.

नणंद ठोंब्याला थोपटत पुढे आली होती. तिने कडीकडे बघितलं, मग खाट जिथे होती त्या जागेकडे.

"सकाळी मी याला इथेच ठेवून आंघोळीला गेले होते," ती म्हणाली. मग वळून: "तुला माहीत होतं? फोन केलास तेव्हा?"

खारू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, एका पायात चप्पल, आणि सगळं बघत होती.

"त्या दिवशी फार घाई झाली, ताई," ती म्हणाली. "खारूने नुसता जीव खाल्ला होता माझा. सारखी मध्ये मध्ये. लगद्यात हात घाल, हे ओढ, ते पाड. वाळायला वेळच मिळाला नाही. निघायच्या घाईत…"

बोलताना तिला दिसत होतं की नणंदेचा चेहरा सैल होतोय. रागाची गाठ सुटतेय.

"हां," नणंद म्हणाली, आणि खाटेच्या कठड्याला टेकली. "पोरं असली की असंच होतं. मी तेव्हा काहीतरी बोलले होते ना तुला, काम आणि मूल यावरून? तेव्हा मला काय कळत होतं डोंबल. परवा गॅसवर दूध ठेवून मी याच्या लंगोटात गुंतले, पातेलं जळून कोळसा. कुणाला सांगू?" तिने नाक ओढलं, हसायला बघितलं. "तू आलीस ना पण धावत. तेवढं पुष्कळ झालं."

किती सोपं होतं. नुसतं मान हलवायची, चहा प्यायचा, पातेल्याच्या गोष्टीवर हसायचं. ज्या वाक्याला ती इतकी वर्षं भीत आली, ते वाक्य नणंदेने आपणहून मागे घेतलं होतं. तिने मान हलवलीही.

"मी केलं," खारू म्हणाली.

दोघींनी वळून बघितलं.

"मी आरसा खराब केला. ठोंब्याला लागणार होतं." तिचा आवाज अगदी साधा होता. खारूचं वयच असं होतं की कुणी सांगितलं तर पाऊसही तिनेच पाडला असं ती मान्य करायची. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले, लपवले, आणि पडद्याच्या मागे जाऊन उभी राहिली. पडद्याखालून एक चप्पल आणि एक उघडं पाऊल दिसत राहिलं.

"नाही," आई म्हणाली.

"असू दे गं, लहान आहे," नणंद म्हणाली. "विसरेल."

"नाही ताई. ती झोपली होती."

"म्हणजे?"

"त्या दिवशी ती दुपारभर झोपली होती. एकदाही उठली नाही. मला हवा तेवढा वेळ मिळाला." तिने कडी गादीवर ठेवली. बोटाला तारेचा वळ उठला होता. "आरसा झाला होता आधीच. वाळलेला, पक्का. हे बाहेरचं वलय मी नंतर चढवलं. तुमच्या मैत्रिणींना दिसावं म्हणून. कड्या काढून ओल्यात बसवल्या. सकाळी तपासला तेव्हा या बाजूला आवाज कच्चा आला. मी ऐकला तो. ऐकून वर कागद लावला."

ठोंब्याचं रडणं थांबलं होतं. तो आईच्या खांद्यावरून गादीवरच्या खाकी कागदाकडे बघत होता.

"आणि सकाळी फोनवर?" नणंदेने विचारलं.

"पॉलिश वगैरे काही नव्हतं."

नणंदेचं नाक लाल झालं होतं. ती आता काहीही म्हणाली असती तरी भावजयीने ऐकून घेतलं असतं, खरं तर तिला काहीतरी ऐकायचंच होतं. नणंदेने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, पडद्याजवळ गेली आणि खाली वाकली.

"खारू, बाहेर ये. तू काही केलेलं नाहीस."

"आई म्हणाली."

"आई चुकीचं बोलली."

हे आईने म्हणायला हवं होतं. तिने तोंड उघडलं, पण खारू तोवर बाहेर आली होती आणि आत्याचा गाऊन धरून उभी राहिली होती.

"दाखव मला," नणंद वळून म्हणाली. आवाज कोरडा. "कच्चा आवाज म्हणजे कसा?"

भावजयीने गादीवर वाकून पेराने उजव्या बाजूला टकटक केलं. मग डाव्या बाजूला. खोलीत दुसरा आवाज नव्हता. दोन्ही नीट ऐकू आले.

"हे कुणालाही कळेल," नणंद म्हणाली.

"हो."

"घेऊन जा तो. आणि ते शेवटचं वलय काढून टाक. आण परत. पण इथे नाही लावायचा, बाहेरच लावू, चपलांवर." ती दाराकडे गेली, थांबली. "माझ्या मैत्रिणी काय गं, त्यांना कशालाही छानच म्हणायचं असतं. चहा ठेवलाय तो पिऊन जा. मी आत्ता तुझ्याशी बसून पिऊ शकत नाही."

तिने उभ्यानेच चहा प्यायला. कप धुऊन पालथा घातला.

परतीच्या बसमध्ये जुन्या चादरीत गुंडाळलेला आरसा तिने पायांशी उभा धरला होता. खारू खिडकीशी बसली. तिने बोट वाकवून काचेवर टकटक केलं आणि कान लावला. मग समोरच्या सीटच्या पाठीवर. मग उभ्या दांडीवर. दांडीचा आवाज तिला आवडला.

"हे पक्कं," तिने जाहीर केलं.

"खारू," आई म्हणाली, "तू आरसा खराब केला नव्हतास. मी केला होता. मी तुझं नाव खोटं घेतलं."

"माहितेय," खारू म्हणाली. "आत्याने सांगितलं."

मग तिने आईच्या गुडघ्यावर टकटक केलं, आणि कान लावून बराच वेळ तशीच वाकून राहिली. काय ऐकू आलं ते तिने सांगितलं नाही. आईनेही विचारलं नाही. चादर घसरत होती, तिने ती पुन्हा घट्ट धरली.